लडाखच्या जानेवारीत सिनेमा कॅमेरा: कॅमेरा थंडच राहू द्या, बॅटरी गरम ठेवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तिघं आपल्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातले, जानेवारीच्या शेवटी लेहला चाललाय, कारझू तळ्यावर मुलींचं आईस हॉकी शूट करायचं, मग पँगाँग आणि हानले. स्वतःचा सोनी एफएक्स६ आहे आणि दिल्लीहून ॲलेक्सा मिनी सिनेमा कॅमेरा भाड्याने घेताय. डिसेंबरात मनालीच्या वर बर्फात ट्रायल घेतली तर फुल चार्ज व्ही-माउंट बॅटरी (कॅमेऱ्याच्या मागे अडकवायची मोठी बॅटरी) बघता बघता बसली, आणि संध्याकाळी हॉटेलात बॅग उघडल्यावर लेन्सवर आतून-बाहेरून धुकं. आता विचारताय की कॅमेरा गरम कसा ठेवायचा, हीटिंग जॅकेट घ्यावं का.

मी बरीच वर्षं कॅमेरा असिस्टंटचं काम करतोय, हिमाचल-लडाखच्या हिवाळ्यात किट सांभाळलीय, त्यामुळे सरळच सांगतो. कॅमेरा गरम ठेवायचा नाही. कॅमेरा बाहेरच्या हवेइतका थंड होऊ द्यायचा आणि शेड्यूल संपेपर्यंत शक्यतो तसाच थंड ठेवायचा, गरम ठेवायची ती फक्त बॅटरी आणि तुमचे हात. नुसत्या थंडीने बिघडलेला कॅमेरा क्वचित बघायला मिळतो, पण थंडीतून उबेत आणि उबेतून परत थंडीत अशी ये-जा करून पाणी धरलेले कॅमेरे आणि लेन्स सर्व्हिस सेंटरला सारखे येत असतात. तुमच्या दोन्ही तक्रारी, बॅटरी आणि धुकं, वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, हे डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं बरंच काही आपोआप सुचतं.

आधी धुकं, कारण नुकसान तिथेच जास्त. उणे २० अंशांच्या हवेत एका घनमीटरमध्ये जेमतेम १ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं, २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅमच्या वर. म्हणजे लेहच्या बाहेरची हवा एकदम कोरडी आणि गेस्टहाऊसच्या खोलीतली हवा त्या मानाने ओलीच, तिथे बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटलेली असते, तिच्यावर पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं, शेजारी थुक्पा उकळत असतो, चार माणसं श्वास सोडत बसलेली असतात. खोली २० अंश आणि आर्द्रता ५० टक्के धरली तर दवबिंदू ९ अंशांच्या जरा वर येतो, म्हणजे त्या खोलीत ९ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी जमणार. तुमचा कॅमेरा उणे १५ वर आहे. तो ९ अंशांवर यायला तासन् तास लागतात आणि तेवढा सगळा वेळ तो खोलीतलं पाणी ओढत राहतो, बाहेरून दिसतं ते पुसता येतं पण सेन्सरच्या पुढच्या काचेवर, लेन्सच्या आतल्या एलिमेंटवर, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या आयरिसच्या पात्यांवर, पीएल माउंटच्या (कॅमेऱ्यावर लेन्स बसते त्या कड्याच्या) पिनांवर, बोर्डावर जे जमतं ते पुसता येत नाही. आणि सकाळी तोच कॅमेरा बाहेर नेला की त्या पाण्याचा बर्फ. ग्वाल्हेरला जुलै-ऑगस्टात एसी हॉलमधून शूट करायला बाहेर पडलं की लेन्स धुकट होते ना, गोष्ट अगदी तीच आहे, फक्त तिथे फरक पंधरा अंशांचा आणि इथे पस्तीस-चाळीसचा.

मग करायचं काय, तर संध्याकाळी पॅकअप झालं की कार्डं आणि बॅटऱ्या बाहेरच, त्या थंड हवेतच काढून घ्यायच्या. कॅमेरा आणि लेन्स जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायच्या, आतली हवा दाबून काढायची, तोंड टेपने नाही तर क्लिपने घट्ट बंद करायचं (टेप का नाही ते पुढे येतंय), मग हार्ड केसमध्ये ठेवून केस बंद. हे सगळं दाराच्या बाहेर, दाराच्या आत येऊन नाही. पिशवीत अडकलेली हवा बाहेरची कोरडी हवा असते, म्हणून आत गेल्यावर पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमतं, कॅमेऱ्यावर नाही. सिलिका जेलच्या पुड्या आत टाका, चांगलंच आहे, पण पिशवी उघडी असेल तर सिलिका जेल काही करू शकत नाही. आणि मग ती केस उघडायचीच नाही. फोममध्ये बसलेला कॅमेरा खोलीच्या तापमानाला यायला रात्र जाते, हात लावून "आता गरम वाटतोय" म्हणून उघडू नका, बाहेरचं प्लॅस्टिक आधी गरम होतं आणि आतली लेन्स सगळ्यात शेवटी.

याहून सोपं आणि मला जास्त पसंत असलेलं म्हणजे किट उबदार खोलीत न्यायचीच नाही. लेहच्या प्रत्येक घरात न तापवलेली एखादी खोली, कोठार, जिन्याखालची जागा असते, घरमालकिणीला नीट समजावून सांगितलं की त्या कुलूप लावून देतात. किट तिथे राहू द्या. गाडीत ठेवायची तर ठेवता येते, पण पँगाँगला रात्री पारा उणे २५ च्याही खाली जातो आणि एफएक्स६ची साठवणीची मर्यादा कंपनीने उणे २० दिलीय, म्हणून गाडीत ठेवलीच तर केसभोवती जुनी रजई गुंडाळा. तुम्हाला वाटेल रात्रभर थंडीत ठेवलेला कॅमेरा सकाळी चालू होणार नाही, तर गरम बॅटरी लावली की होतो, थोडा वेळ घेतो इतकंच.

आणि पाणी जमलंच तर? कॅमेरा बंद, बॅटरी काढा, चालू करून बघायचा मोह टाळा. हेअर ड्रायर, हीटर, बुखारीच्या जवळ ठेवणं, यातलं काहीही नको, एकाच बाजूने उष्णता दिली की पाणी थंड बाजूला, म्हणजे आणखी आत सरकतं. साधारण उबदार, कोरड्या खोलीत, बॅटरी आणि कार्डाची झाकणं उघडी ठेवून पूर्ण सुकू द्या, दिवस गेला तरी चालेल, आणि पूर्ण सुकल्याशिवाय परत थंडीत नेऊ नका. हे शेड्यूलमध्ये बसत नाही हे मला माहितेय, म्हणूनच वरची पिशवी.

बाहेर असताना धुकं येतं ते बहुतेक तुमच्या तोंडातून. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून श्वास सोडला की आयपीसवर सरळ बर्फाची पापुद्री. श्वास खाली किंवा बाजूला सोडायची सवय लावा, नाकातोंडावर बफ ओढलेला असेल तर श्वास वर डोळ्यांकडेच जातो हेही लक्षात ठेवा. लेन्सवर बर्फाचे कण आले तर फुंकर मारायची नाही, "हाः" करून पुसायचं तर अजिबातच नाही, रबरी ब्लोअर आणि मऊ ब्रश एवढंच वापरायचं. स्प्रे कॅनमधली हवा थंडीत दाब धरत नाही, नेऊच नका. हानलेला रात्रीचं आकाश घेणार असाल (४५०० मीटर उंची, २०२२ मध्ये तो भाग डार्क स्काय रिझर्व्ह जाहीर झालाय, जरूर घ्या) तर कॅमेरा तासन् तास एका जागी उभा राहतो आणि पुढच्या काचेवर दहिवर गोठतं, तिथे यूएसबीवर चालणारा ड्यू हीटरचा पट्टा लेन्सभोवती बांधा, आकाशाचे फोटो काढणारे सगळे तोच वापरतात. गरम करण्याची मी परवानगी देतो ती एवढीच.

आता बॅटरी. तुमची मनालीची बॅटरी मेली नव्हती. लिथियम-आयन सेलमधलं इलेक्ट्रोलाइट थंडीत घट्ट होतं, आयन हळू सरकतात, अंतर्गत रोध वाढतो, मग कॅमेऱ्याने करंट ओढला की व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि बॅटरीतलं किंवा कॅमेऱ्यातलं सर्किट म्हणतं रिकामी झाली. १४.४ व्होल्टची व्ही-माउंट फुल असते तेव्हा १६.८ आणि रिकामी होताना १२ च्या आसपास, थंडीत ती अर्धी भरलेली असतानाच लोडखाली १२ ला टेकते. तीच बॅटरी जॅकेटच्या आत अर्धा तास ठेवा, परत चालेल. म्हणून थंडीत "संपलेली" बॅटरी चार्जरकडे नाही, खिशाकडे जाते. उणे २० मध्ये थंड झालेल्या बॅटरीकडून निम्म्याच कामाची अपेक्षा धरून प्लॅन करा. ९८ वॅट-अवरच्या बॅटरीवर व्ह्यूफाइंडर, वायरलेस, मोटर धरून ॲलेक्सा मिनी इथे ग्वाल्हेरला सव्वा ते दीड तास चालते, तिथे पाऊण तास धरा. एफएक्स६ जेमतेम १८ वॅट खातो, त्याचं तुलनेने सुखाचं आहे.

बॅटरी गरम ठेवायला महागडं काही लागत नाही. लग्नकार्यात कोल्ड्रिंक ठेवतात तसला आईसबॉक्स घ्या, तळाशी गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून, वर बॅटऱ्या, मधे जुना स्वेटर, आणि झाकण पटकन उघडून पटकन बंद. बॅटरी वीस-पंचवीस अंशांवर राहिली की झालं, भाजायची नाहीये. हॅन्ड वॉर्मरच्या पुड्यांबद्दल: त्यात लोखंडाची पूड असते, ती हवेतल्या ऑक्सिजनने तापते, म्हणून हवाबंद पिशवीत टाकली की विझते, आणि पँगाँगला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर असतो त्यामुळे तिथे ती इथल्याइतकी तापतही नाही. वापरा, पण मोज्यात घालून, बॅटरीला थेट चिकटवून नाही.

दुसरा रस्ता म्हणजे बॅटरी कॅमेऱ्यावर लावायचीच नाही, आईसबॉक्समध्ये किंवा असिस्टंटच्या जॅकेटच्या आत ठेवायची आणि वायरने कॅमेऱ्यापर्यंत पॉवर आणायची. तिपाईवरच्या लांब शॉटला, हॉकीच्या मॅचला हे फार छान चालतं. पण इथे वायरीची जाडी बघा. ७० वॅटला १४ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, ३ मीटर लांब आणि ०.७५ चौरस मिमीची वायर घेतली तर जाऊन-येऊन ६ मीटर तांबं, रोध ०.१४ ओहम, म्हणजे ०.७ व्होल्ट वायरीतच गेले, आणि थंडीत बसलेल्या बॅटरीला तो ०.७ व्होल्टच महाग पडतो. तीच वायर २.५ चौरस मिमीची घेतली तर ०.२ व्होल्ट. आपल्या महाराज बाड्याजवळच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल, फक्त साधं पीव्हीसी नको, सिलिकॉनचं आवरण असलेली मागा, पीव्हीसी त्या थंडीत काठीसारखं ताठ होतं आणि वाकवलं की तडकतं.

चार्जिंगचा एक नियम अजिबात मोडायचा नाही: ० अंशांच्या खाली असलेली बॅटरी चार्जरवर लावायची नाही. थंड सेलला चार्ज केलं की लिथियम आत मुरण्याऐवजी धातूच्या रूपात वरच साचतं, क्षमता कायमची जाते आणि पुढे आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. चांगल्या बॅटऱ्या स्वतःच नकार देतात, स्वस्तातल्या देत नाहीत. संध्याकाळी बॅटऱ्या झिपच्या पिशवीत घालून आत आणा, दोन-तीन तास नुसत्या पडू द्या, जेवणं झाल्यावर चार्जिंगला लावा. तुमची खोली रात्री गोठत असेल तर चार्जर घरातल्या स्वयंपाकघराशेजारी लावायची परवानगी मागा, चोवीस तास ऊब तिथेच असते. आणि लाईट जाते हे धरून चला.

जनरेटर घेणार असाल तर दोन गोष्टी. लेहला ३५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के आहे, साधं इंजिन तितकीच कमी ताकद देतं, म्हणून २ केव्हीए लिहिलेल्या मशीनवर २ केव्हीए टाकू नका, तिसरा हिस्सा सोडून द्या. आणि साधं डिझेल तिथे गोठतं, २०१९ पासून इंडियन ऑइल लडाखसाठी हिवाळी डिझेल देतंय जे उणे ३३ पर्यंत वाहतं राहतं, गाडीवाल्याला आणि जनरेटरवाल्याला ते भरलंय ना एवढं विचारा. स्थानिक लोकांना हे आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्यांचं ऐका.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर कागदावर ॲलेक्सा मिनी उणे २० ते ४५ अंश आणि एफएक्स६ ० ते ४० अंश. म्हणजे तुमचा एफएक्स६ पूर्ण ट्रिपभर कंपनीच्या मर्यादेबाहेर असणार, हे माहीत असू द्या. व्यवहारात चालतो, कारण चालू कॅमेरा स्वतःच तापतो, पण त्यासाठी तो चालू ठेवावा लागतो. दोन शॉटच्या मधे बंद करून बॅटरी वाचवायची आपली जी सवय आहे ती तिथे नडते, प्रत्येक वेळी गार झालेली मशीन परत उठवायला वेळही जातो आणि बॅटरीही. सकाळी पहिल्या शॉटच्या अर्धा तास आधी चालू करा, तो अर्धा तास कमजोर, जुन्या बॅटरीवर काढा आणि चांगली बॅटरी शॉटला ठेवा. ॲलेक्साचा सेन्सर ठरावीक तापमानाला धरून ठेवायची व्यवस्था आतच आहे, तिला तिथे पोचायला वेळ द्या, चालू केल्या केल्या रोल करू नका. सुरुवातीला फॅनचा आवाज जरा खरखरीत येईल, तापला की जातो.

हीटिंग जॅकेटऐवजी साधी बार्नी (कॅमेऱ्याला घालायचं रजईसारखं आवरण) शिवून घ्या, रजई शिवणारे लश्करात पुष्कळ आहेत. बाहेरून वारा अडवणारं नायलॉनचं कापड, आत लोकर किंवा सिंथेटिक भरण, कापूस नको कारण कापूस ओल धरतो आणि मग गोठतो. माप घेताना कॅमेऱ्याचे हवा घेणारे आणि सोडणारे दोन्ही झरोके खडूने खुणावून तिथे कापडात मोकळी जागा सोडायला सांगा, कार्डाचं दार, बॅटरीची बाजू आणि मेनूची बटणं यांना वेल्क्रोची झापं. झरोके झाकले तर दुपारच्या उन्हात, विरळ हवेत, कॅमेरा उणे तापमानातही आतून तापतो हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही, पण विरळ हवा उष्णता कमी वाहून नेते. आणि वाऱ्यात उडणारा तिथला बर्फ पिठीसाखरेसारखा बारीक असतो, थेट फॅनमध्ये जातो, म्हणून वारा सुटला की झरोक्यांची बाजू वाऱ्याच्या उलट ठेवा.

लेन्स निवडताना भाड्याच्या दुकानात एकच प्रश्न विचारा, हिची सर्व्हिस कधी झाली आणि ग्रीस कुठलं आहे. जुनं, घट्ट ग्रीस उणे १५ ला इतकं जड होतं की फोकस रिंग दोन हातांनी फिरवावी लागते, वायरलेस फोलो फोकसची (दुरून फोकस फिरवणारी) मोटर अडते, कधी गिअर घसरतो. थंड प्रदेशासाठी हलकं ग्रीस घातलेल्या लेन्स सांगून मिळू शकतात, आधी सांगा, निघायच्या आदल्या दिवशी नाही. झूमपेक्षा प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्स बऱ्या, झूममध्ये हलणारे भाग जास्त. मोटरचं कॅलिब्रेशन खोलीत करून निघू नका, लेन्स पूर्ण थंड झाल्यावर जागेवर करा. मोटर फारच अडखळायला लागली तर हट्ट सोडून हाताने फोकस ओढा.

फोकसच्या खुणांवर तर विसंबूच नका. पीएल माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ५२ मिमी, तेवढ्या लांबीचं ॲल्युमिनियम २५ अंशांवरून उणे २० ला आलं तर साधारण ०.०५ मिमी आक्रसतं, आणि बॅकफोकसमध्ये (लेन्स ते सेन्सर हे अंतर जुळवताना) आपण शंभराव्या हिस्स्याच्या मिलिमीटरवरून भांडतो. कॅमेरा बनवणारे हे धरूनच धातू निवडतात, शिवाय लेन्स स्वतःच्या हिशोबाने आक्रसते, त्यामुळे प्रत्यक्षात किती सरकेल हे त्या जोडीवर ठरतं. वाईड लेन्सवर सगळ्यात जास्त जाणवतं. रोज सकाळी किट थंड झाल्यावर लांबच्या डोंगराची कड बघा, इन्फिनिटी (सगळ्यात लांबचा फोकस) कुठे लागतेय ते पांढऱ्या पेन्सिलीने नोंदवा, आणि टेपने अंतर मोजून खुणेवर ओढण्याऐवजी मॉनिटरवर बघून ओढा. जागेवर शिम (माउंटमागच्या पातळ चकत्या) काढ-घाल करू नका, गोठलेल्या बोटांनी तर नाहीच.

मॉनिटरवर बघा म्हटलं खरं, पण एलसीडी उणे १० च्या खाली आळसावतो, हलत्या वस्तूमागे शेपटी दिसते, हॉकीच्या खेळाडूचा फोकस गेलाय की स्क्रीनच लडबडलाय कळत नाही. ओएलईडी व्ह्यूफाइंडरला हा त्रास जवळजवळ नाही, म्हणून ॲलेक्साचा व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावूनच फोकस ठरवा. एफएक्स६ला फक्त एलसीडी मिळतो, त्याचा टचही हातमोज्यांनी चालत नाही, म्हणून पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय), मॅग्निफाय, व्हाईट बॅलन्स आधीच बटणांवर लावून ठेवा.

बारीकसारीक: गॅफर टेप थंडीत चिकटत नाही, रोल जॅकेटच्या आत ठेवा किंवा वेल्क्रो आणि दोरी वापरा, प्लॅस्टिकचे झिप टाय टचकन तुटतात. केबल मोठ्या वेटोळ्यात ठेवा, गोठलेली केबल ओढून सरळ करू नका. हवा कोरडी म्हणून लोकरीच्या कपड्यांवर स्टॅटिक भरपूर साठतं, कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी तिपाईच्या धातूला हात लावा, आणि एसडीआय (मॉनिटरला चित्र नेणारी केबल) जोडताना आधी दोन्हीकडची पॉवर, मग बीएनसी (त्या केबलचं टोक), काढताना आधी बीएनसी मग पॉवर, हा क्रम इथेही पाळायला हवा पण तिथे तर नक्कीच, एसडीआयचा बोर्ड जळला तर लेहमध्ये दुरुस्त होणार नाही. तिपाईचं फ्लुइड हेड आधी जड लागेल, शॉटच्या आधी दहा-बारा वेळा पूर्ण फिरवून मोकळं करा. बर्फावर पायांखाली प्लायवूडचे तुकडे, तळ्याच्या कडक बर्फावर उलट टोकदार स्पाइक. तिपाई उबेत नेली की पायांच्या नळ्यांत बर्फ वितळून पाणी शिरतं आणि बाहेर गोठून पाय लॉक होतात, तिलाही बाहेरच झोपवा.

डेटाबद्दल एक गोष्ट फार कमी लोक बघतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर चालवायची उंची बहुतेक वेळा ३०४८ मीटरपर्यंत लिहिलेली असते, कारण वाचणारं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं आणि हवा विरळ झाली की ते खाली बसायला लागतं. लेह ३५०० वर आहे. म्हणजे थंडी सोडा, उंचीनेच ती डिस्क मर्यादेबाहेर गेली. दोन्ही कॉप्या एसएसडीवर घ्या, महाग आहे तरी घ्या, तपासणीसकट कॉपी करा, आणि कार्डं पिशवीतच खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय रीडरमध्ये घालू नका.

आता इथे ग्वाल्हेरमध्ये बसून काय करता येईल. आपल्या जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो आणि धुकं असतं, पण ती ओली थंडी आहे, तिच्यात लडाखची परीक्षा होत नाही. आईसक्रीमवाल्याचा डीप फ्रीझर साधारण उणे १८ ते २० वर असतो आणि हिवाळ्यात तो अर्धा रिकामा असतो, ओळखीच्या दुकानात रात्रभराची जागा मागा. तुमच्या स्वतःच्या बॅटऱ्या, केबल, मॉनिटर, एक लेन्स, फोलो फोकसची मोटर, सगळं वेगवेगळ्या घट्ट बंद पिशव्यांत घालून ठेवा, सकाळी दुकानाच्या बाहेर काढून लगेच बघा: कुठली बॅटरी लोड घेतेय, कुठली केबल तडकली, रिंग किती जड झाली, मोटर ओढतेय का. जी बॅटरी इथे पडते तिच्यावर लाल चिकटपट्टी लावा, ती फक्त सकाळच्या वॉर्मअपची. लेन्स मात्र पिशवीतूनच हाताळा आणि पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. भाड्याची किट अशी फ्रीझरमध्ये घालू नका, मालकाला विचारल्याशिवाय तर नाहीच.

प्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच, टोकांवर टेप लावून. १०० वॅट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी आणि दोनच, १६० च्या वरची नेता येत नाही. म्हणून ९८ वाल्याच घ्या, आणि एकूण संख्या कंपनीला आधी विचारून घ्या. दिल्ली-लेह विमानं सकाळची असतात, आणि आपल्याकडून दिल्लीला जाणाऱ्या गाड्या जानेवारीच्या धुक्यात तासन् तास लेट होतात, एक अख्खा दिवस हातात ठेवून निघा. लेहला उतरल्यावर ४८ तास काहीही शूट करू नका, शरीर उंचीला रुळू द्या, डोकं दुखतंय, मळमळतंय तर लपवू नका. त्या दोन दिवसांत किट थंड खोलीत ठेवून बसल्या बसल्या एकेक गोष्ट तपासा.

हातांचं शेवटी सांगतोय पण महत्त्व कमी नाही. आत पातळ हातमोजे, ज्यात बटण कळतं आणि रिंग फिरते, वर चार बोटं एकत्र राहणारे जाड मोजे दोरीने गळ्यात. उघड्या बोटाने धातू धरायचा नाही, कातडी चिकटते. कॅमेऱ्याचं हँडल, मॅटबॉक्सचे रॉड, तिपाईचे पाय यांना सायकलच्या हँडलची ग्रिप टेप इथेच गुंडाळून न्या. बोटाचं टोक पांढरं पडलं आणि काही कळेनासं झालं की शॉट चालू असला तरी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्या आणि बोटं काखेत घाला, चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. तिघं आहात तर पाळ्या ठरवून घ्या, बाहेर एकाने सलग अर्ध्या तासाहून जास्त कॅमेरा धरायचा नाही.

परत येताना शेवटच्या संध्याकाळी किट लेहमध्ये बाहेरच पिशव्यांत बंद करा आणि ती केस थेट ग्वाल्हेरला किंवा भाड्याच्या दुकानात पोचून, पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, दिल्ली विमानतळाच्या बाहेर "सगळं आहे ना" म्हणून उघडू नका. किट परत देताना दुकानदाराला सांगा की ही इतक्या थंडीत गेली होती, पीएल माउंट, फॅन आणि लेन्सच्या आयरिसवर एक नजर टाका. बॅटऱ्या परत आल्यावर आठवडाभराने एकदा पूर्ण चार्ज करून इथल्या तापमानात किती वेळ चालतात ते मोजा आणि जाण्याआधीच्या वेळेशी ताडून बघा, म्हणजे जायच्या आधीही मोजून ठेवा. मनालीत बसलेली ती बॅटरी कुठल्या कंपनीची, किती जुनी आणि तिच्यावर नेमका किती वॅटचा लोड होता ते कळवा, मग तिच्याबद्दल वेगळं सांगतो.